डबल बेल

आमचे मालक पहिल्यांदा घर चुकले ते मलप्पाभाऊजींच्या नातवाच्या बारशाहून येताना. दोन गल्ल्यांचं तर अंतर. माहूरच्या घाटात धुक्यातून एस्टीची लाल गाडी काढणारा माणूस, अन् स्वतःच्या कंधारात गल्ली चुकला अन् भलत्याच ओट्यावर जाऊन बसला. पाणी मागून पिले, अन् त्या घरच्या सुनेला म्हणले, "जेवायला वाढ." त्या पोरीनं ओळखलं म्हणून बरं, हाताला धरून आणून सोडलं. मी तोंडाची फटकळ. दारातच म्हणलं, "पिऊन आलाव का काय?" जल्मात थेंबाला शिवले न्हाईत, तरी म्हणलं. हे नुसते माझ्याकडं बघून राहिले.

नांदेडच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला. विसरण्याचा आजार हाय म्हणला, वाढतच जाणार. गोळ्यांनी थांबत न्हाई, जरा सावकाश होतं इतकंच. ह्यांना रोज चालवा, काहीतरी कामात ठेवा. येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले अन् हे शेजारी बसून ड्रायव्हरच्या चुका काढत होते. मला तव्हापासून एकच भेव. एक दिवस हे घरातून निघतील अन् वापस यायचे न्हाईत. मेलेल्या माणसाला रडून मोकळं होता येतं. जित्त्या माणसाची वाट बघत बसायचं, हे वैऱ्याच्याबी वाट्याला येऊ न्हाई.

चालायचं म्हणलं तर हे ऐकायला तयार न्हाईत. "कामाबिगर हिंडायला मी काय सांड हाय?" म्हणायचे. सकाळी पांढरे बूट घालून फिरणाऱ्या मास्तरा-वकिलांना बघितलं की ह्यांचं डोकं उठायचं. "कुठं निघाले हे? न्हाई सीट, न्हाई लगेज!" सगळी हयात डेपोत गेली, ड्युटी लागली तरच पाय घराबाहेर. मी सांगून सांगून बेजार झाले. हाताला धरून वढलं तर उंबऱ्यावर गच्च उभे. चांगला धिप्पाड माणूस, माझ्या बापाच्यानं हलणार होता का?

मग आमची दामिनी आली. एकुलती एक लेक, लातूरला दवाखान्यात नर्स. येताना बुटाच्या खोक्यात एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. तांबूस, शेपटीचा शेंडा तेवढा पांढरा, मुठीएवढं तोंड. मी म्हणलं, "बाई गं, एकाचं करता करता माझा जीव चालला, त्यात हे मुतणारं दुसरं कशाला?" तिनं पिल्लू उचललं अन् सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणली, "पप्पा, ह्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायची ड्युटी तुमची."

हे ताठ बसले. "किती वाजताची ड्युटी?"

मी पदर तोंडाला लावला अन् आत गेले. लई दिवसांनी त्या आवाजात माझा नवरा होता.

पण ड्युटी लगेच निघाली न्हाई. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणला, इंजेक्शनं पुरी होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडायचं न्हाई, रोग लागतो. मग हे ओट्यावर पिल्लू मांडीवर घेऊन बसायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय वैजनाथराव, फिरवत न्हाई का?" हे म्हणायचे, "गाडी वर्कशॉपात हाय. पासिंग व्हायचंय." दामिनीनं पिल्लाचं नाव काहीतरी बिस्किटासारखं ठेवलं होतं. ते ह्यांच्या ध्यानात राहिना अन् माझ्या तोंडात बसंना. ह्यांनी आपलं कंडक्टर म्हणायला सुरुवात केली. मलप्पाभाऊजी एकदा बसायला आले. ते खरे कंडक्टर, दोघांनी उभी नोकरी एका गाडीवर केली. पिल्लाकडं बघून म्हणले, "अय्यो, वहिनी, माझी जागा भरली का?" सगळे हसलो. हेबी हसले, पण भाऊजी गेल्यावर मला हळूच विचारलं, "कोण होतं गं ते?"

शेवटचं इंजेक्शन झालं अन् पहिली फेरी निघाली. मी पिल्लाच्या गळ्यात पट्टा घातला, दोरी लावली. ह्यांनी खाली बसून पिल्लाचा एक एक पाय उचलून बघितला, टायर बघावेत तसा. मी दोरी ह्यांच्या हातात दिली तर घेईनात. "दोरी कंडक्टरकडं असती. मी ड्रायव्हर हाय." जुन्या गाड्यांत घंटीची दोरी असायची न, छताखालून गेलेली, ती कंडक्टरनंच वढायची. मी डोक्याला हात लावला. "आणा इकडं!" म्हणलं अन् दोरी मीच धरली.

पिल्लू दहा पावलं गेलं न्हाई की बसलं. त्यानं रस्ता बघितला होता कधी? मोटारसायकल गेली की माझ्या लुगड्यात तोंड खुपसायचं. कागद उडाला की भुकायचं अन् परत स्वतःच भेऊन मागं सरायचं. वढलं तर पोटावर पसरायचं. एकीकडं हे, एकीकडं ते. पण हे लई सबुरीनं थांबायचे त्याच्यासाठी. "नवीन हाय. रूट पाठ व्हायला येळ लागतो," म्हणायचे. माझ्यावर उभ्या जल्मात इतकी सबुरी दाखवली असती तर! पण खरं सांगते, मला बरं वाटून राहिलं होतं. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं अन् यायचं, इतकाच रूट. पिल्लाला एकदा पाठ झाला की ते ह्यांना घरी आणील, हाच माझा हिशेब. ह्यांचं डोकं रिकामं होऊन राहिलं होतं, पिल्लाचं भरून राहिलं होतं.

खरी तकलीफ वेगळीच निघाली. टाकीपाशी पिल्लू बसलं की हेबी थांबायचे, अन् पिल्लू उठून चाललं तरी हे हलायचे न्हाईत. ऊन चढलेलं, लोक बघून राहिलेले. मी म्हणायची, "चला की!" हे खांबासारखे उभे. एक दिवस मी वरडलेच, "आवो, काय मुळ्या फुटल्या का पायाला?" हे शांतपणे म्हणले, "बेल न्हाई झाली."

मलप्पाभाऊजींना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणले, "वहिनी, एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. ह्या माणसानं डबल बेल झाल्याबिगर कधी गिअर टाकला न्हाई. एकदा लोह्याच्या स्टँडवर साहेबानं खाली उभं राहून शिव्या दिल्या, तरी न्हाई. एक म्हातारी चढत होती मागून."

मग काय, मी भर रस्त्यात तोंडानं "टिंग टिंग" करू लागले. पोरंसोरं मागं लागली. पानटपरीवरचे खिदळायचे. माझी इज्जत गेली खड्ड्यात, पण हे चालायचे. शेवटी मला एक युगत सुचली. बाजारात दोर-दावी विकणाऱ्याकडून वासराच्या गळ्यातली बारकी पितळी घंटी आणली अन् पिल्लाच्या पट्ट्याला बांधली. दोरीचा फास ह्यांच्या मनगटात अडकवला. पिल्लू चाललं की घंटी वाजायची, घंटी वाजली की हे चालायचे. थांबणं न्हाई, अडणं न्हाई, वढावढ न्हाई. टाकीला वळसा घालून सरळ घर. मी नुसती मागं मागं चालायची. मला इतकी घमेंड आली की सगळ्या गल्लीला सांगत सुटले. नांदेडच्या डॉक्टरला जे जमलं न्हाई ते मी एका घंटीत केलं म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीची तयारी झालती. पट्टा घातला, घंटी बांधली, फास मनगटात अडकवला. ह्यांना ओट्यावर बसवलं अन् मी चपला पायात सरकवून राहिले होते, तर दामिनीचा फोन आला. पप्पा कसे हायत म्हणून. मी तिला घंटीचंच सांगायला लागले. ती हसली, मी हसले. दोन गोष्टी वाढवूनच सांगितल्या असतील. बाहेर आले तर ओटा मोकळा.

मला आधी काही वाटलं न्हाई. टाकीकडं गेले असतील. गेले झपाझप. टाकीपाशी कुणी न्हाई. टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणला, "मघाशीच गेले न, मावशी, मोठ्या रस्त्याकडं. घंटी वाजत होती, मला वाटलं तुम्ही मागं असाल." मी मोठ्या रस्त्याला आले. एका बाजूला किल्ला, एका बाजूला नांदेडची वाट, गाड्यांवर गाड्या. नवऱ्याचं नाव मी उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाई. त्या दिवशी भर चौकात उभी राहून वरडले, "वैजनाथ! ओ वैजनाथ!" लोक थांबले. शेंगावाली म्हणली, "काय झालं, बाई?"

तशीच मलप्पाभाऊजींच्या घरी पळाले. भाऊजी चहा पिऊन राहिले होते. मी दम घेत घेत सांगितलं, ओट्यावरून गेले, पिल्लू हाय संगं, घंटी बांधलेली हाय, वाट पाठ हाय त्याला, येतील की न्हाई वापस? भाऊजींनी बशी खाली ठेवली.

"वहिनी," ते म्हणले, "घंटी सारखी वाजती का?"

"चालतंय तवर वाजती."

"मग थांबायची बेल कोण देणार?"

मला कळलं. माझ्या घंटीत थांबणं नव्हतंच. पिल्लाला आता रस्त्याचं भेव राहिलं नव्हतं, नवीन नवीन वास घेत ते पुढं चाललं असणार. ते चाललं की घंटी वाजणार. वाजली की हे चालणार. ऊन बघणार न्हाईत, तहान बघणार न्हाईत, अंधार बघणार न्हाईत. डबल बेल झालेली गाडी मधीच उभी करतील, असला माणूस हा नव्हंच. मी ह्यांना सांभाळायला घंटी बांधली अन् माझ्याच हातानं ह्यांना वाटंला लावून दिलं.

भाऊजींनी गाडीला किक मारली. मी मागं बसायला गेले तर म्हणले, "तुम्ही घरी थांबा. गाडी वापस आली अन् डेपोत माणूसच नसलं तर?" मला पटलं न्हाई, पण गेले. ओट्यावर येऊन बसले. शेजारणी जमल्या. कुणी पाणी दिलं, कुणी माहूरच्या आईला नवस बोल म्हणलं. मी बोलले. मनात येईल त्या देवाला बोलले. अन् देवाला शिव्याबी दिल्या, खोटं कशाला सांगू. गाई घरी आल्या, समोरच्या घरात दिवा लागला. शेजारणी स्वैपाकाला म्हणून एकेक करून उठून गेल्या. मला वाटलं, झालं. जे भेव होतं ते आजच आलं.

अन् मग घंटी ऐकू आली.

आधी लांबून, मग गल्लीच्या तोंडाशी. पिल्लू पुढं, जीभ बाहेर, लंगडत. मागं हे. एका पायात चप्पल न्हाई, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, ओठ वाळलेले. पिल्लू ओट्यावर चढून सरळ त्याच्या पाण्याच्या वाटीला लागलं. घंटी थांबली. हे खालीच थांबले. मी उठले अन् पुढं झाले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं अन् दोरीचा हात पुढं केला.

"बाई, हे पिल्लू तुमचं का? लई हुशार हाय. मला इथपर्यंत घेऊन आलं. घ्या, सांभाळा तुमचं."

मी तोंड उघडलं. शिवी निघणार होती का रडू, मला ठावं न्हाई.

"एवढा फास सोडा, बाई. मला निघू द्या. घरी बायको वाट बघत असंल."

मी फास सोडवला. मनगटावर वळ उठला होता. मी कसंतरी विचारलं, "कुठं हाय घर तुमचं?"

"इथंच, टाकीच्या अलीकडं. तुम्ही ओळखत असाल तिला. राजकन्या नाव हाय. तोंडानं लई फटकळ, सारी गल्ली भेती तिला. पण मी आल्याबिगर घास घेत न्हाई. मी मुक्कामी गाडीवर गेलो की ती रात्रीची उपाशी झोपती. तिला वाटतं मला ठावं न्हाई." हे जरासं हसले. "मला सगळं ठावं हाय."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला 'अगं ए' न्हाईतर 'दामिनीची आई' म्हणून हाक मारली. माझं नाव ह्यांना येतं का न्हाई, असं मी चेष्टेनं म्हणायची. अन् उपाशी राहायचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला इतकं रडू आलं की ओट्याचा खांब धरला. मला सुख वाटलं अन् दुःख वाटलं, दोन्ही एकाच वख्ताला, अन् ते कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं तो मला बाई म्हणून राहिला होता.

"चहा तरी घ्या," मी म्हणलं.

"न्हाई बाई. परक्याच्या घरी बसत न्हाई मी. उशीर झाला."

मी पिल्लाच्या पट्ट्यातली घंटी सोडली अन् मुठीत घेतली. पिल्लाला म्हणलं, तू आता निज. अन् ह्यांना म्हणलं, "चला, मी सोडते तुम्हाला घरी." दोनदा घंटी हलवली. टिंग टिंग. हे निघाले. त्याच वाटंनं टाकीपर्यंत गेलो, वळसा घातला अन् वापस आलो. आमच्या ओट्यापाशी आल्यावर मी एकदाच घंटी वाजवली. हे थांबले. दाराकडं बघितलं. उरलेली एक चप्पल काढून नेहमीच्या जागी ठेवली अन् आत जात म्हणले, "अगं ए, पाणी दे. घसा वाळला."

थोड्या येळानं भाऊजी आले. आधी किल्ल्याकडं हुडकून मग नांदेडच्या रस्त्याला गेले, तर तिथं एक मेंढपाळ भेटला त्यांना. त्यानं सांगितलं, एक म्हातारे रस्त्याच्या कडंला मावळतीच्या उन्हात ताठ उभे होते. त्यांच्या पायाशी बारकं पिल्लू गाढ झोपलेलं. मेंढपाळ म्हणला, बाबा, सावलीला बसा. तर म्हणले, "बेल न्हाई झाली." पिल्लू उठून घराच्या वाटंला लागलं, तव्हा कुठं हलले. हे सांगताना भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसले.

आता कंडक्टर मोठा झाला. पट्टा हाय, दोरी हाय, घंटी त्याच्या गळ्यात न्हाई. ती माझ्या कमरंला असती. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघं निघतो. दोनदा वाजवली की चालायचं, एकदा वाजवली की थांबायचं. त्या दिवशी एका फेरीत घर सापडलं. पुढं दोन लागायला लागल्या, कधी तीन. दामिनी म्हणती, आई, मी तुम्हाला लातूरला नेते. मी म्हणते, न्हाई. इथली वाट कंडक्टरला पाठ हाय.

परवा लई फेऱ्या झाल्या. माझे गुडघे दुखायला लागले, कंडक्टरबी खाली बसला. मी घंटी एकदा वाजवली. हे ओट्यापाशी थांबले, दाराकडं बघितलं अन् ह्यांचं तोंड उजळलं. मला वाटलं, आलं ध्यानात. हे माझ्याकडं वळून म्हणले, "आलं बघा माझं घर. तुम्ही लई तकलीफ घेतली, बाई. आत या न. बायको चहा करंल."

मी आत गेले अन् चहा टाकला.